जुनी वाद्यं बघायला (आणि उसनी न्यायला) येणाऱ्यांनी एवढं कराच

तुमच्या ओळखीत जुने युकुलेले (हवाईचं चार तारांचं छोटं वाद्य), मॅन्डोलिन, बुलबुलतरंग असलं काही जमवणारा एखादा येडा असेल तर त्याच्याकडे जरूर जा. फोनबिन करू नका. मे महिन्यातला रविवार, दुपारचे तीन, सगळे कूलरपुढे आडवे झाले की बेल वाजवायची.

आत शिरल्याबरोबर "अरे, ही तर लहान पोरांची गिटार!" म्हणा. कोणी नाही म्हटलं तर आम्हालाच चुकल्यासारखं वाटते.

तर्री पोहे खाऊन हात धुवू नका. जुन्या कोआ लाकडावर तर्रीचा तवंग लय खुलून दिसते.

अननसाच्या आकाराचा युकुलेले दिसला की "याची कंबर कुठं गेली बे?" विचारा. हवाईच्या सॅम्युएल कामाकानं १९२८ मध्ये या बिनकंबरेच्या आकाराचं पेटंट घेतलं, हे सांगायला आम्ही तोंड उघडलं की मोबाईल बघा.

आता सुराचं. युकुलेलेत सा धरला तर तारा लागतात प सा ग ध, आणि त्यातला पहिला प सा च्या खालचा नसते, वरचा असते. म्हणजे सगळ्यात वरची तार जाड आवाजाची नाही. तंबोऱ्याची शेवटची तार एकदम खर्जात उतरते तेव्हा तुम्ही डोळे मिटून वा वा करता, पण इथं मात्र "चुकीचा लागलाय" म्हणून लगेच खुंटी पिळा. तरी जमलं नाही तर "पोराच्या समर कॅम्पचा प्रोग्राम आहे, दोन दिवसात आणून देतो" म्हणत घरी न्या, आणि मग दुकानातून गिटारच्या स्टीलच्या तारा आणून चढवा, कारण नायलॉनचा आवाज म्हणे बारीक येते. आतड्याच्या नाहीतर नायलॉनच्या तारेसाठी घडवलेला तो पातळ पत्र्यासारखा जीव, त्याला स्टीलचा ताण द्या, वरून कारच्या मागच्या काचेखाली ठेवा, बाहेर नवतपा, आत भट्टी, सरसानं चिकटवलेला ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, उखडून निघाला की घाबरायचं काम नाही, फेविकॉल आहे ना! सरसाचा जोड वाफ देऊन सोडवता येते, पुन्हा नीट बसवता येते, म्हणूनच जुने कारागीर तो वापरायचे. पण फेविकॉल असा मस्त भरा की दुरुस्त करणारा हात जोडून परत पाठवील. शेवटी साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून आणा आणि म्हणा, "घे भौ, एकदम ओके करून आणला."

एकदम ओके!! पुढच्या फळीला ही एवढी बोटभर चीर, ब्रिज तिरपा, त्याच्या कडेनं पांढरे ओघळ वाळलेले.

अरे बाप्पा, ज्या वाद्याचे आजे-पणजे १८७९ मध्ये मदेरा बेटावरून जहाजात चार महिने काढून होनोलुलूला पोचले, त्याच जहाजातून आलेल्या तीन सुतारांनी त्यांच्यापासून हा युकुलेले घडवला, त्याचा वारस नागपूरच्या महालातून धरमपेठेत जाऊन मेला? विचारता येत नव्हतं एकदा? फोन तर दिवसभर हातातच असते ना तुझ्या! सॉरी म्हणायचं सोडून वरून मलाच सांगते, "लाकूडच जुनं होतं, सडकं निघालं." सडकं लाकूड नव्हतं, आतेभाऊ.

अन् काल त्याच्या पोराचा फोन. "काका, तो टाइपरायटरसारखा बुलबुलतरंग द्या ना, दोनच दिवस."

नाही देत. पिशवी तेवढी घेऊन जा म्हणा.