जॅकेट आत, रेनकोट बाहेर

पावसाळा लागला की कोकण रेल्वेचे रील फिरायला लागतात. हिरवेगार डोंगर, धबधबा, त्यातून वळण घेत येणारी गाडी. छानच असतं सगळं. माझी नजर मात्र रुळांच्या कडेला जाते. तिथे कामावरचा एखादा माणूस उभा असेल तर तो किती लांबून दिसतो? पुष्कळदा व्हिडिओ थांबवून शोधावा लागतो. लोको पायलटला व्हिडिओ थांबवायची सोय नाही.

गेल्या पावसात आमच्याकडे रुळांसाठी डोंगर कापलेल्या एका कटिंगच्या तोंडाशी ठेकेदाराची माणसं गटार उपसत होती. बहुतेकांच्या अंगावर काळे नाहीतर गडद निळे रेनकोट. एकाला विचारलं, लांबून दिसावं म्हणून असतं ते सेफ्टी जॅकेट नाही दिलं का? त्याने रेनकोटची चेन खाली ओढून दाखवली. आत नवंकोरं पोपटी-पिवळं जॅकेट. "आसा मा! भायर घातलंय तर भिजात ता." म्हणजे कागदावर सगळ्यांना जॅकेट मिळालेलं, सहीसुद्धा झालेली. दिसायला मात्र कोणाच्याच अंगावर नाही. त्याला काय बोलणार? पावसात रेनकोट वरूनच घालणार माणूस.

आता रंगाचं. पिवळा जास्त उठून दिसतो, असं बरेच जण सांगतात आणि डोळ्याच्या हिशेबाने ते खरंही आहे. दिवसाउजेडी आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पोपटी-पिवळ्या प्रकाशाला सगळ्यात तीव्र प्रतिसाद देतो. हायवेच्या काळ्या डांबरावर तो रंग ठीक. पण जुलैत राजापूर-कणकवलीच्या पट्ट्यात रुळांच्या दोन्ही अंगांना काय असतं? भात, रान, शेवाळ. त्यात ते जॅकेट शोधणं म्हणजे लावणीच्या खाचरात पोपट शोधणं. तिथे नारंगीच हवा. मे महिन्यात ताज्या जांभ्याच्या कटिंगसमोर तोही जरा दबतो, हे मान्य. पण मे महिन्यात निदान समोरचं दिसतं तरी.

लाल का नको, तर रेल्वेत लाल म्हणजे थांबा. कामावरचा प्रत्येक माणूस लाल घालून उभा राहिला तर लाल झेंड्याला किंमत उरणार नाही. ब्रिटनमध्ये १९६४ साली ग्लासगोजवळ विजेच्या गाड्यांच्या मार्गावर पहिल्यांदा अशी झळाळती जॅकेटं वापरून पाहिली, तीही नारंगीच होती. विजेच्या गाड्यांचा हा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. २०२२ मध्ये रोहा ते ठोकूर सगळा मार्ग विजेवर गेला. डिझेल इंजिनाची घरघर डोंगराआडून आधीच कानावर यायची. विजेचं इंजिन त्यामानाने गुपचूप येतं, त्यात पत्र्यावर कोसळावा तसा पाऊस. शिवाय बराचसा मार्ग अजून एकेरी आहे, गाडी कुठल्याही दिशेने येऊ शकते. म्हणून जॅकेटवरची उजेड परत फेकणारी पट्टी पुढे हवी तशी पाठीवरही हवी.

आणि ती पट्टी हा वेगळाच विषय आहे, ज्याकडे कोणी बघत नाही. जॅकेटचा झळाळता रंग आकाशातल्या अतिनील किरणांवर चमकतो. त्यामुळे ढगाळ दिवसातही, संध्याकाळीही तो साध्या कापडापेक्षा उठतो. रात्री किंवा बोगद्यात मात्र तो शून्य. करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे कोणताही रंग घाला, इंजिनाच्या दिव्याचा उजेड परत फेकते ती फक्त राखाडी पट्टी. त्या पट्टीतही दोन जाती. बारीक काचमणी उघडे असलेली स्वस्त पट्टी ओली झाली की मंदावते, कारण मण्यांवर पाण्याचा थर बसतो. मणी बंदिस्त असलेली किंवा सूक्ष्म लोलकांची पट्टी पावसातही टिकते. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडतो तिथे उघड्या मण्यांची पट्टी घेणाऱ्याला काय म्हणावं!

२००३ साली वैभववाडीजवळ दरडीने गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली. त्यानंतर कोकण रेल्वेने पावसाळी गस्त, कमी वेग, दरडींना जाळ्या असं पुष्कळ काम केलं आणि ते दिसतं. रात्री-अपरात्री दिवा आणि फटाके (रुळावर लावायचे, चाकाखाली फुटून चालकाला थांबायचा इशारा देणारे) घेऊन गस्त घालणारा पेट्रोलमन लाइनीवर नसेल, तर आपण गाडीत बिनघोर झोपूच शकणार नाही. लाइनीवर काहीही दिसलं तर बाराशे मीटरवर तीन आणि सहाशे मीटरवर एक फटाका रुळावर लावायला त्याला धावायचं असतं. धावणारा माणूस आधी दिसायला नको?

ठेक्याच्या कामात अजूनही 'सेफ्टी जॅकेट, नग इतके' एवढंच लिहून मोकळं होण्याची पद्धत आहे. तिथे 'नारंगी रेनकोट, पावसात चालणाऱ्या पट्टीसह, पुढून-मागून' असं लिहा. थोडे पैसे जास्त जातील. आणि दोन पावसाळ्यांनी रंग विटला, पट्टी खरवडली की तो टाकून नवा द्या. विटलेला रेनकोट ताडपत्री म्हणून लाकडांवर घालायला घरी न्यावा, कोणी नाही म्हणणार नाही.