पाच नावं आधी सांगा

ओहायोत रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि मी पाच डॉलर हरले होते. २ मार्च २०२५, ऑस्करची रात्र. आमच्या ऑफिसात दरवर्षी एक कागद फिरतो. तेवीस विभाग, प्रत्येकापुढे नामांकनं. आपल्याला वाटेल तिथे खूण करायची आणि पाच डॉलर पाकिटात टाकायचे. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी मी डेमी मूरवर खूण केली होती. ऑस्करच्या आधीचे पुरस्कार बघितले तर गोल्डन ग्लोब तिला, क्रिटिक्स चॉइस तिला, कलाकारांच्या संघटनेचा पुरस्कारही तिलाच. एक ब्रिटनचा बाफ्टा तेवढा मायकी मॅडिसनकडे गेला होता. ‘अनोरा’तली ती पंचवीस वर्षांची पोरगी ऑस्करही घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पाकीट मिळालं रिसेप्शनवरच्या बाईंना. त्यांनी यातला एकही सिनेमा पाहिला नव्हता.

त्या रात्री निकाल लागला तेवढ्यात भावाचा फोन. सोलापुरात सोमवारची सकाळ, सव्वानऊचा सुमार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचे टॉवेलचे माग आहेत. त्याचा फोन आला की आधी मागांची खटखट ऐकू येते, मग तो शेडबाहेर येतो, मग माणसाचा आवाज.

“अक्का, तुझी डेमी पडली की!”

“पडली.”

“किती मतांनी?”

“ते सांगत नाहीत रे.”

“मग घासून झालं का लई फरकानं, कसं कळायचं?”

नाहीच कळत. अकादमीचे जवळपास दहा हजार मतदार. अभिनयाची नामांकनं नटनट्या ठरवतात, शेवटचं मत सगळ्यांचं, आणि आकडे कधीच बाहेर येत नाहीत. सोलापूरकराला हे पटणं अवघड. आमच्याकडे सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा कुठल्या गल्लीतून किती पडली हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पाठ असतं.

पण मला इथल्या वादाची गंमत वेगळीच वाटते. डिसेंबरपासून लोक ऑस्करबद्दल हवामानासारखं बोलतात. ग्लोब मिळाला म्हणजे ढग आले, कलाकारांच्या संघटनेनं निवडलं म्हणजे पाऊस नक्की. २०१९ साली ग्लेन क्लोजबद्दल सगळ्यांची अशीच खात्री होती. ऑस्कर नेलं ऑलिव्हिया कोलमननं. आठ नामांकनं होऊनही क्लोजबाईंचे हात रिकामेच. जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर ‘कोणाला मिळेल’ यावर अर्धा तास गेला; ‘द सब्स्टन्स’मध्ये डेमी मूर आरशासमोर बसून तोंडावरचा रंग खरवडते, त्या प्रसंगाबद्दल चकार शब्द निघाला नाही.

त्याच वर्षी १ ऑगस्टला सगळं उलट झालं: आधी नामांकनं नाहीत, थेट निकाल. दिल्लीत संध्याकाळी ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले तेव्हा इथे सकाळ होती. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावून मी तशीच बसून राहिले. ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’साठी राणी मुखर्जी. घरच्या ग्रुपवर दहा मिनिटांत पेटलं. वहिनी म्हणाली, शेवटी मिळालं बिचारीला. भाऊ म्हणाला, रडून रडून घेतलं. आत्याने मात्र थेट मलाच विचारलं, “तिकडं खरंच पोरं काढून नेतात का गं?”

काय सांगणार? सिनेमाला खऱ्या घटनेचा आधार आहे. २०११ मध्ये नॉर्वेतल्या एका बंगाली जोडप्याची दोन मुलं तिथल्या बालकल्याण खात्यानं नेली. मुलांना हातानं भरवणं, आपल्या अंथरुणात झोपवणं, यावरही आक्षेप होते असं आईवडिलांनी सांगितलं. सिनेमा २०२३ च्या मार्चमध्ये आला तेव्हा नॉर्वेच्या राजदूतांनी जाहीरपणे लिहिलं की अशा कारणांवरून आमच्याकडे मुलं नेत नाहीत. ओहायो म्हणजे नॉर्वे नव्हे, हे मी आत्याला लिहिलं. दुसरी गोष्ट लिहिली नाही.

माझी लेक तीन वर्षांची असताना तिच्या पाळणाघरात पालकांना जेवायला बोलावलं होतं. मी डब्यातला दहीभात कालवला आणि सवयीनं चिऊचा एक, काऊचा एक घास भरवू लागले. बाई चांगल्या होत्या, हसल्यासुद्धा. महिनाअखेरच्या कागदावर मात्र एक ओळ होती: ‘स्वतःच्या हाताने खाण्याचा सराव घरी द्यावा.’ एवढंच. पण पुढे कित्येक आठवडे मी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा ओढून घेऊन लेकीला भरवत होते. कोण बघणार होतं? मागे तर शेजाऱ्याचं गॅरेज.

त्यामुळे राणीच्या अभिनयाबद्दल मला विचारू नका. ती रडायच्या आधीच मी रडत होते. भाऊ म्हणतो तसं तिनं काही ठिकाणी जरा जास्तच केलंय, हे मला दुसऱ्यांदा बघताना दिसलं. पण कारकिर्दीला तीस वर्षं होत आलेल्या बाईला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो तेव्हा तो एकाच सिनेमाचा असतो का? डेमी मूरबद्दलही इथे हेच चाललं होतं. दहा हजार लोकांनी तो विचार केला नसावा, दिल्लीतल्या खोलीतल्या ज्युरीच्या डझनभरांनी केला असावा. असावा. नामांकनंच जाहीर होत नाहीत, तर कोणाच्या समोर कोण होतं हे कळणार कुठून?

आणि माझं खरं दुखणं राणी नाहीच, उर्वशी आहे. ‘उल्लोळुक्कु’ हा मल्याळम सिनेमा. घरात मुलगा गेलाय, बाहेर पूर, पाणी उतरल्याशिवाय दफन करता येत नाही, आणि घरात सासू नि सून. दोघींवरच सगळा सिनेमा तोललेला. सासू झालेल्या उर्वशीला पुरस्कार मिळाला, पण सहाय्यक अभिनेत्रीचा. सून झालेल्या पार्वतीला काहीच नाही. उर्वशीनं उघडपणे विचारलं की ही भूमिका सहाय्यक कशी ठरवली? बाईचं बरोबर होतं. (दैव बघा, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या राष्ट्रीय पुरस्काराचं सुरुवातीचं नावच ‘उर्वशी’ होतं. १९६७ च्या सिनेमांसाठी तो पहिल्यांदा दिला गेला तेव्हा नर्गिसला मिळाला.)

इथे हेच नाटक उलट्या बाजूनं चालतं. ‘एमिलिया पेरेझ’मध्ये झोई साल्दाना नायिकेपेक्षा जास्त वेळ पडद्यावर आहे, तरी तिचा प्रचार सहाय्यक म्हणून केला गेला, आणि ती जिंकली. त्याच्या आदल्या वर्षी लिली ग्लॅडस्टोन मुख्य अभिनेत्रीच्या लढतीत उतरली आणि एमा स्टोनपुढे हरली. सहाय्यकमध्ये गेली असती तर, अशी हळहळ कितीतरी जणांनी व्यक्त केली. म्हणजे इथे कुठल्या वॉर्डातून उभं राहायचं ते उमेदवार सुचवतो, आणि मतदार बहुतेकदा तेच मानतात. आपल्याकडे वॉर्डही ज्युरी ठरवते, आणि उमेदवाराला ते निकालाच्या दिवशी कळतं.

आईला हे सांगितलं तर तिला शशिकला आठवली. शशिकला मूळची सोलापूरची. ‘आरती’ आणि ‘गुमराह’ या दोन सिनेमांसाठी लागोपाठ सहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर घेतलेली. “ती पडद्यावर आली की बायका बोटं मोडायच्या,” आई म्हणते, “आणि नाही आली की कधी येईल म्हणून वाट बघायच्या. तिला कसली सहाय्यक म्हणता?”

जिल्ह्याचा आणखी एक दाखला आहे. २०१६ च्या मार्चमध्ये अकलूजच्या रिंकू राजगुरूच्या नावाचा ‘सैराट’साठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली कंगना रनौट. तेव्हा मी सुट्टीवर सोलापुरात होते. विशेष उल्लेख म्हणजे दुसरा नंबर का उत्तेजनार्थ, यावर आमच्या कट्ट्यावर हमरीतुमरी झाली, आणि भांडणाऱ्यांपैकी एकानंही सिनेमा पाहिलेला नव्हता. पाहणार कसा? तो लागला २९ एप्रिलला. बुलेटवरची आर्ची बघेपर्यंत आमचं भांडण शिळं झालं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की राष्ट्रीय पुरस्कारांनी अभिनेत्रीची पाच नावं महिनाभर आधी जाहीर करावीत. मुख्य आणि सहाय्यक, दोन्हीकडची. यात परदेशातलं काही आणायचं नाही. आपले राज्य मराठी चित्रपट पुरस्कार आधी नामांकनं जाहीर करतातच. उर्वशीला जे विचारायचं होतं ते वेळेत विचारता आलं असतं, आणि आम्हाला पार्वतीचं कामही वेळेत बघता आलं असतं.

भावाला हे अजिबात मान्य नाही. “अक्का, महिना दिलास की वशिले सुरू. तुमच्याकडं काय होतं? जाहिराती, पार्ट्या, मुलाखती. ज्याच्याकडं पैसा त्याची नटी. ‘श्वास’च्या वेळी विसरलीस का, ऑस्करच्या प्रचाराला पैसे पुरेनात म्हणून लोकांनी वर्गणी काढलेली?”

विसरले नाही. २००४ मध्ये आम्हीही पैसे दिले होते. या मुद्द्यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. बंद खोलीत वशिला चालत नाही असं तो तरी कुठे म्हणतो, पण उघड्यावर पैसा चालतो हे मी इथे दरवर्षी बघते. आमच्या गावच्या चौकात ऑस्करच्या पाट्या लागत नाहीत, पण फोन उघडला की एकाच नटीची मुलाखत सात ठिकाणी दिसते. तरीही मला उघड्यावरचं भांडण बरं वाटतं. निदान ऐकू तरी येतं.

आता आमची पैज लागली आहे. पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांच्या आधी दोघांनी पाच-पाच नावं लिहून ग्रुपवर टाकायची, प्रत्येक नावापुढे मुख्य का सहाय्यक हेही. सिनेमा स्वतः बघितलेला असला पाहिजे, ही अट वहिनीनं घातली. हरणाऱ्यानं एक किलो शेंगाचटणी द्यायची. मी ओहायोतून शेंगाचटणी कुठून देणार, असं विचारलं तर तो काहीतरी बोलला, पण तोवर शेडमध्ये परत गेला होता आणि खटखटीत काही ऐकू आलं नाही. मग मेसेज आला: “तू हरलीस तर मी इथंच विकत घेतो. पैसे पाठव फक्त.”