आटे मारणाऱ्या हातांना

सर्व्हिसिंगनंतर तीन दिवसांनी तो फोन येतो ना, "सर, अनुभव कसा होता, दहापैकी किती मार्क द्याल?", तो आज नेमका अशा वेळी आला की एका हातात बाइकच्या इंजिनखालचा, जुनं तेल काढायला उघडतात तो ऑइलचा बोल्ट होता आणि त्या बोल्टला गुंडाळलेले इंजिनच्या भोकातले आटे होते.

इंजिनचे. बोल्टचे नव्हेत. बोल्ट पोलादाचा, त्याला काय धाड भरलीय? अॅल्युमिनियमची बारीक स्प्रिंग, अडीच वेढे, चांदीच्या तारेसारखी, बोल्टच्या खाचांत जशीच्या तशी बसलेली. नखाने सोडवली तर अख्खी सुटून आली. तिच्यावर टेफ्लॉन टेपचा बोळा, बाथरूमच्या नळाला मारतात तो पांढरा. आणि त्याच्यावर लाल सिलिकॉनचा लेप, गणपतीला शेंदूर थापावा तसा. म्हणजे ज्याने आटे मारले त्याला कळलं होतं! कळलं होतं म्हणूनच टेप शोधली, गुंडाळली, वर लेप दिला आणि गाडी धुऊन, टायरला काळं पॉलिश लावून परत दिली. बिलात काय? ऑइल, लेबर आणि कन्झ्युमेबल्स १२० रुपये. कन्झ्युमेबल्समध्ये सगळं येतं, पुसायचा बोळासुद्धा येतो. पाच-दहा रुपयांचा नवा वायसर तेवढा येत नाही.

जाब विचारला तर काउंटरवर ठरलेलं वाक्य तयार. "मागच्या वेळी कुणी उघडला होता?" अरे तुम्हीच! त्याच्या मागच्या वेळीही तुम्हीच! मग आतून मेकॅनिकला बोलावतात, तो हात पुसत येतो आणि अभिमानाने सांगतो, "साहेब, फुल टाइट केलाय, आता कुठे जात नाही."

फुल टाइट. या दोन शब्दांनी मुंबईतली जेवढी चेंबरं, म्हणजे इंजिनची तेल साठवणारी खालची कवचं, फोडली असतील तेवढी जेव्हीएलआरच्या, जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याच्या, खड्ड्यांनीही फोडली नसतील.

हा बोल्ट बहुतेक गाड्यांत १२ एमएमचा, १.५ पिचचा, म्हणजे दोन आट्यांत दीड एमएम अंतर. त्याला लागतो २० ते ३० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. २५ धरा. वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण साडेबारा किलोचा जोर झाला. भाजीच्या दोन पिशव्या जिन्याने वर नेताना मनगटावर जवळपास एवढाच भार येतो. आता त्याच पान्यात नळी घालून लांबी साठ सेंटिमीटर केली, तर तेवढ्याच जोराला टॉर्क तिप्पट, ७५. आणि बॅटरीवरची इम्पॅक्ट गन? ती शंभराच्या वर सहज जाते. टर्रर्र, झालं. पुढचं गिऱ्हाईक. ठरवलेल्या टॉर्कला टक वाजवणारा पाना, टॉर्क रेंच, भिंतीवर लटकलेला असतो, नाही असं नाही. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागतं, दसऱ्याला झेंडूचा हार चढतो, आणि पुढच्या खंडेनवमीपर्यंत तो तिथेच.

मुळात "घट्ट" हा आजार सुरू होतो वायसरपासून. तेल आटे अडवत नाहीत, वायसर अडवतो. तांब्याचा असो की अॅल्युमिनियमचा, तो चेपण्यासाठीच बनवलेला. एकदा चेपला, दोन्ही बाजूंचे ओरखडे भरून निघाले, काम संपलं. तोच पुन्हा घातला की चेपायला काही उरलेलं नसतं, म्हणून पाझर. पाझर दिसला की घे पाना, कस. पुन्हा पाझर, पुन्हा कस. तिसऱ्या सर्व्हिसिंगला हाताला जाणवतं की बोल्ट कसता कसता अचानक लोण्यासारखा गोड फिरायला लागला. तो गोडवा म्हणजे आटे गेले. तांब्याचा जुना वायसर वापरायचाच असेल तर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, पुन्हा मऊ होतो, चालतो. अॅल्युमिनियमचा सरळ फेकून द्या. आणि टेफ्लॉन? टेप गुळगुळीत, त्यामुळे घर्षण कमी होतं, तेवढाच टॉर्क दिला तरी आट्यांवर ओढ आणखी जास्त पडते. वर टेपचे तुकडे आत सुटले तर तेलाच्या जाळीवर जाऊन बसतात. म्हणजे एका मूर्खपणाला दुसऱ्या मूर्खपणाची झालर.

या निमित्ताने बाकीचंही निघू द्या. चेन २०-३० एमएम ढिली हवी असते, हे ती तानपुऱ्याच्या तारेसारखी ताणून देतात. धुताना खालून डिझेल मारतात, दोन दिवस गाडी चमकते, तिसऱ्या दिवशी त्यावर सगळ्या सायनची धूळ. साइड पॅनेलचा एक स्क्रू गायब असलाच पाहिजे, तशी प्रथा आहे. काढलेलं जुनं तेल मागच्या गटारात. आणि सगळे त्याला "ऑइलचा नट" म्हणतात. नट नाही तो, बोल्ट आहे! ज्याला नट आणि बोल्ट यात फरक कळत नाही त्याच्या हातात इम्पॅक्ट गन देता?

असो. बोल्टचं डोकं शाबूत आहे पण तो नुसता फिरतोय, बाहेर येत नाही, तर डोक्याखाली स्क्रू ड्रायव्हरची चपटी पात सरकवा, बाहेरच्या बाजूला हलकं उचकटत फिरवा. येतो. डोकंच गोल केलं असेल (बारा कोनी रिंग पान्याची कृपा, किंवा स्क्रू पान्याची, त्याचा तर जाहीर निषेध) तर जरा लहान पडणारी सहा कोनी गोटी (सॉकेट) हातोडीने ठोकून बसवा. नाहीच ऐकलं तर कॉलरच्या कडेवर छन्नी, तिरकी, उघडण्याच्या दिशेने. उघडण्याची दिशा मात्र आधी बघून घ्या. बोल्टच्या डोक्याकडे बघून डावीकडे. गाडीवरून खाली वाकून हात घातला की हीच दिशा उलटी भासते, आणि शहाणीसुरती माणसं उघडायच्या नावाने बोल्ट आवळत बसतात. हा विनोद वाटत असेल तर एकदा फरशीवर पाठ टेकून, नाकावर तेलाचा थेंब घेऊन करून बघा.

आता भोक. इथून पुढे लोक घाई करतात आणि इंजिनची वाट लागते.

भोकात आतल्या बाजूला न वापरलेले दोन-तीन आटे शिल्लक असतील तर तेवढा जास्त लांब बोल्ट घालून वेळ निभावते, फक्त तो आत जाळीला किंवा गिअरला टेकत नाही ना ते मोजून बघा. स्वतःचे आटे स्वतः कापत जाणारे जाडे रिपेअर बोल्ट मिळतात, ते घेऊ नका. ते तिरके शिरतात, चुरा सगळा आत पाडतात, आणि चेंबरला तडा गेला तर मग रामनाम. एम-सीलवाल्यांशी मी बोलतच नाही. आर्गन वेल्डिंग शेवटचा मार्ग, कारण तेल प्यायलेलं अॅल्युमिनियम वेल्डिंगला बुडबुडे देतं आणि मग तिथूनच पाझरतं.

तारेचा इन्सर्ट, म्हणजे भोकात बसवून नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग, सगळे हेलिकॉइल म्हणतात तो, बऱ्यापैकी चालतो. किट १२ बाय १.५ चंच घ्या. मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), ड्रिल, इन्सर्ट सगळं मिळतं, फक्त पिच तोंडाने सांगू नका, बोल्ट सोबत न्या. १.७५ गळ्यात मारतात. आटे गेलेलं भोक तसंही जवळपास बाराचं झालेलं असतं, किटमधलं ड्रिल अर्ध्या एमएमच्या आसपासच खरवडतं. पण सरळ खरवडलं पाहिजे. गाडी मेन स्टँडवर, ड्रिलला किती आत जायचं तिथे चिकटपट्टी, ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरलेलं, म्हणजे चुरा ग्रीसमध्ये अडकतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसा, नवं ग्रीस. कंटाळा येतो. येऊ द्या. अॅल्युमिनियमचा चुरा चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे "चुंबकवाला बोल्ट लावलाय, काळजी नको" म्हणणाऱ्यांनी गप्प बसा. इन्सर्ट तोंडापासून अर्धा वेढा आत बसला पाहिजे, नाहीतर वायसर सपाट टेकत नाही. आणि इन्सर्ट फिरवायला टोकाशी जी आडवी शेपटी असते, ती तोडल्यावर चिमट्याने बाहेर काढा. तुकडा कुठे गेला दिसत नसेल तर तो इंजिनमध्ये आहे.

दर सर्व्हिसिंगला उघडणाऱ्या बोल्टसाठी मात्र माझं मत बुशला, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेल्या आखूड नळीला. भोकाभोवती पुरेसं मांस असेल तर १४.५ एमएम ड्रिल, १६ बाय १.५ चा टॅप, आणि साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात लेथवाल्याकडून बाहेरून १६, आतून १२ आट्यांचा स्टीलचा बुश, बारीक कॉलरसकट. तेलाचा अंश राहिला तर लॉकिंगचं औषध (आटे जखडून ठेवणारा गोंद) धरत नाही, म्हणून ब्रेक क्लीनरने दोनदा धुऊन, सुकवून, औषध लावून बसवा आणि चोवीस तास गाडीला हात लावू नका. मग वरून अर्धा लिटर स्वस्त तेल ओता, खालचं भोक उघडं, चुरा वाहून येऊ द्या. पांढऱ्या फडक्यावर गाळून बघा. चकाकी दिसते तोवर पुन्हा.

मग नवा वायसर, आणि बोल्ट बोटांनी. चार-पाच फेरे बोटांनी जात नसेल तर जबरदस्ती नको. उलटा फिरवा, आटा आट्यात पडल्याची टिक जाणवते, तिथून पुढे. शेवटी टॉर्क रेंच. २५ ला टक वाजलं की थांबायचं.

आणि इथे खरं सांगून टाकतो. टक वाजतं. आकडा बरोबर असतो. इतकं तोंड टाकून झालेलं असतं. आणि तरीही मनगट म्हणतं, अजून एक पाव फेरा? नुसता असाच, मनाच्या शांतीसाठी? रात्री थेंब पडला तर? सकाळी वॉचमन पेव्हर ब्लॉकवरचा डाग दाखवून सोसायटीचं पत्र हातात देईल, तर? म्हणजे तो फुल टाइटवाला आपल्याच आत बसलेला आहे, फक्त त्याला गन मिळालेली नाही. रेंच बायकोकडे देऊन वर निघून जाणं हा मला सापडलेला एकमेव खात्रीचा उपाय.

शंभर सीसीच्या गाडीत जेमतेम लिटरभर तेल मावतं. तेवढ्या तेलासाठी दोन दिवस, एक बुश, तीन टॅप, पाव डबा ग्रीस. वायसर बदलला असता तर दहा रुपये. चेंबरच गेलं असतं तर बहुतेक सिंगल सिलिंडर गाड्यांत इंजिन उतरवून पूर्ण फोडावं लागतं, तेव्हा हे स्वस्तातच पडलं म्हणायचं. अजून चोवीस तास व्हायचेत, भोकात फडकं कोंबून गाडी खाली उभी आहे.

फोन परत वाजला. तीच मुलगी, बिचारी, तिचा यात काही दोष नाही. "सर, दहापैकी किती देऊ?"

"बारा बाय दीड."

"सर, दहापैकी बारा?"

"लिहा."