लूटन म्हणजे नुसतं विमानतळ? नाही हो!

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणे इंग्लंडमधल्या, लंडनजवळच्या लूटनची स्वस्त फ्लाइट मिळाली तर घ्या, पण गावात थांबू नका, तिथे ना कला, ना सण, ना धड खेळ, आणि बाहेरून आलेल्या लोकांमुळे गावाचं स्वतःचं असं काही उरलंच नाही. सव्वादोन लाख लोकांच्या गावाबद्दल इतकं बेधडक कसं लिहवतं?

आधी ते 'बाहेरून आलेले'. गावाचा सगळ्यात मोठा सण म्हणजे कार्निव्हल, 1976 पासूनचा, आणि त्यात जीव ओतला तो कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांनीच. पिसांचे, तारेचे भलेमोठे पोशाख हाताने बनवायचे, स्टीलपॅन या पोलादी ड्रमसारख्या वाद्याच्या तालावर रस्त्यावर उतरायचं, ही कला नाही तर काय आहे? कार्निव्हलच्या कलांसाठी खास केंद्र उभं राहिलं तेही इथेच. आणि इंग्लंडचा फिरकी बॉलर माँटी पनेसर आठवतोय ना? पंजाबी आईबापांचा मुलगा, जन्म लूटनचा, 1982 चा. 2006 मध्ये आपल्या नागपुरात पहिली टेस्ट खेळला आणि पहिली विकेट घेतली ती थेट सचिनची, मग 2012 ला वानखेडेवर 11 विकेट काढून आपल्याला हरवून गेला, तेव्हा मला फार लागलं होतं ते.

कलेचं म्हणाल तर गाव पूर्वी हॅट बनवण्यासाठी प्रसिद्ध, त्यातल्याच एका जुन्या कारखान्यात आज हॅट फॅक्टरी नावाचं कलाकेंद्र आहे. फुटबॉल टीमलाही लोक हॅटर्सच म्हणतात.

आता 'धड खेळ नाही' हे तर मला अजिबात पटत नाही. 1988 च्या लीग कपच्या फायनलला वेम्बलीवर आर्सेनल 2-1 ने पुढे, वरून त्यांना पेनल्टी, ती गोलकीपर अँडी डिबलने अडवली आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून लूटन 3-2 ने जिंकलं. पुढे पैशांच्या भानगडींमुळे 2008-09 च्या सीझनला 30 पॉइंट कापले गेले, टीम फुटबॉल लीगच्या, म्हणजे वरच्या चार डिव्हिजनच्याच बाहेर फेकली गेली, पाच वर्षं तिथेच अडकली, तरी 2023 ला सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमध्ये पोचली. पुढच्याच वर्षी खाली आली हे खरंय, स्टेडियमही छोटं, जेमतेम 10-12 हजारांचं. पण केनिलवर्थ रोडला, म्हणजे याच स्टेडियमवर, पाहुण्या टीमचे फॅन लोकांच्या राहत्या घरांच्या रांगेतून, खालच्या बोळातून आत शिरतात आणि जिना चढताना दोन्ही बाजूंना कुणाकुणाची परसदारं दिसतात.