दर रविवारी हौद घासण्याचा सल्ला माशांच्या जिवावर उठतो

गोल्डफिशच्या हौदाविषयीचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. परसात सिमेंटचा हौद बांधून आठवड्याभरात मासे सोडावेत, दर रविवारी सगळे पाणी उपसून हौद घासावा, मासे हौदाच्या मापापलीकडे वाढत नाहीत, हौदात डास होत नाहीत आणि मासे फार झाले तर ओढ्यात सोडून पुण्य जोडावे, असे त्यात म्हटले आहे. वाईजवळ राहणाऱ्या माझ्या आत्याने तो शब्दशः पाळला आणि तिचे 12 पैकी 5 मासे मेले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

यातला सर्वांत घातक सल्ला रविवारच्या सफाईचा आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो आणि तो पाण्यात साचला, तर त्यानेच मरतो. हौदाच्या भिंतींवर, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या हौदात ही वस्ती उभी राहायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, आणि संदेशात ज्या बुळबुळीत थराला ‘घाण’ म्हटले आहे, तो थर म्हणजेच ही वस्ती. ती काथ्याने खरवडून काढायची आणि वर नळाचे क्लोरीन असलेले पाणी भरायचे, म्हणजे उरलेसुरले जिवाणू मारायचे आणि माशांचे कल्लेही जाळायचे. सोमवारी सकाळी मी आत्याकडे पोहोचलो, तेव्हा हौदाचा तळ लख्ख दिसत होता आणि मासे अगदी वर येऊन, तोंडाची उघडझाप करत हवा ओढत होते. आठवड्याला पाण्याचा फार तर पाचवा हिस्सा बदलावा, नव्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीन घालावे आणि स्पंज हौदातल्याच पाण्यात पिळावा, एवढीच खरी सफाई आहे.

नव्या सिमेंटच्या हौदात आठवड्याभरात मासे सोडणेही तितकेच चुकीचे आहे. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरून सामू, म्हणजे पाण्याचा पीएच, चढतो आणि चढलेल्या सामूत तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो, त्यामुळे हौद आधी अनेकदा भरून उपसून घ्यावा लागतो.

मासे जागेपुरतेच वाढतात, हे अर्धसत्य आहे. अडचणीच्या, खराब पाण्यात त्यांची वाढ खुंटते, पण ती कुपोषित मुलाची वाढ खुंटावी तशी. मोकळ्या पाण्यात काय होते, ते ऑस्ट्रेलियातल्या मर्डोक विद्यापीठाच्या संशोधकांनी वास नदीत पाहिले आहे. लोकांनी सोडून दिलेले गोल्डफिश तिथे जवळजवळ 2 किलोपर्यंत वाढलेले आढळले, आणि माग काढण्यासाठी यंत्र बसवलेल्या माशांपैकी एक वर्षभरात 230 किलोमीटर फिरला. ज्याला हे माहीत आहे, तो ओढ्यात मासे सोडण्याला पुण्य म्हणणार नाही. गोल्डफिश तळ उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि इतर माशांची अंडी खातो. बाहेरून आलेला मासा पाण्यात पसरला की काय होते, हे आपल्याकडे वेगळे शिकायला नको. उजनी धरणात जाळे टाकणाऱ्या कोणालाही चिलापीबद्दल, म्हणजे बाहेरून आलेल्या तिलापिया माशाबद्दल, विचारावे.

डासांचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. गोल्डफिश डासांच्या अळ्या खातो, जरी पोट भरलेले असले की तो तिकडे फारसे लक्ष देत नाही आणि दाट शेवाळात त्याला अळ्या सापडत नाहीत. केवळ डासांसाठीच हौद हवा असेल, तर हिवताप विभाग वापरतो ते गप्पी मासे अधिक उपयोगी आहेत.

आत्याच्या हौदात आता सात मासे आहेत. अर्ध्या पाण्यावर कमळाच्या पानांची सावली यावी, अशा बेताने कुंड्या ठेवल्या आहेत आणि वंचक व खंड्या या मासे खाणाऱ्या पक्ष्यांपासून बचावासाठी वर जाळी बांधली आहे. पुढे पिल्ले झाली, तर ती मासे विकणाऱ्या दुकानदाराला द्यायची, असे तिने कबूल केले आहे.