बेळगाव 1204 साली वसलं नाही

किल्ल्याच्या फोटोसह एक मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: बेळगाव 1204 साली रट्ट राजांनी वसवलं, त्याआधी इथं नुसतं बांबूचं रान होतं, आजच्या शहरातल्या वडगावला नाल्याकाठी काही भटके गुराखी राहायचे, ते एका रात्रीत पुरात वाहून गेले, आणि ते गुराखी म्हणजे आपले मराठी पूर्वज.

1204 हे साल हवेतून आलेलं नाही. किल्ल्यातल्या जैन बस्तीला, म्हणजे जैन मंदिराला, दिलेल्या दानाचे दोन शिलालेख त्या सालचे आहेत, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले. आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण ते लेख वाचले की पोस्टचा पायाच निघतो. त्यांत वेणुग्रामच्या, म्हणजे बेळगावच्याच, भरल्या पेठेचं वर्णन आहे, लाट म्हणजे गुजरातकडचे आणि मलबारचे व्यापारी आहेत, मालावर बस्तीसाठी बसवलेली पट्टी आहे. गाव वसलं त्याच साली मलबारचा व्यापारी तिथं बस्तान मांडून बसला म्हणायचं? शिवाय त्याआधी हा मुलूख गोव्याच्या कदंबांकडे होता, आणि त्यांच्या 12व्या शतकातल्या लेखांत ‘वेळुग्राम सत्तर’ हा बेळगावभोवतीच्या सत्तर गावांचा विभाग येतो. रट्टांनी सौंदत्तीहून राजधानी इथं आणली, हे त्यांचं श्रेय. तेही कमी नाही.

आता गुराखी. वडगाव-माधवपूरला 1970च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे ए. सुंदरा यांनी उत्खनन केलं. निघालं ते सातवाहनकालीन नगर, म्हणजे रट्टांच्या आधी हजारेक वर्षांचं. पाण्याला बळ्ळारी नाला, पश्चिमेला कोकणात उतरणारे घाट, उत्तरेला कोल्हापूर. तिथं पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत त्याच काळातल्या वस्तीत रोमन बनावटीची समुद्रदेवाची मूर्ती सापडली आहे. अशा वाटेवर माणसं पेठ करतात. गुरं असतीलच, ती वडगावात आजही आहेत.

पुराबद्दल फार लिहायची गरज नाही. बळ्ळारी नाला पावसाळ्यात शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात शिरतो, भात कुजवतो, आणि शेतकरी पुन्हा लावणी करतो. त्यानं अख्खं नगर एका रात्रीत नेलं म्हणायचं तर पुरावा द्यावा लागेल. पोस्टमध्ये तो नाही. तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता मोडली आणि दख्खनमधली बरीच नगरं हळूहळू ओसरली. पाचव्या शतकात तर या भागात खानापूरकडच्या हलशीचं, म्हणजे बनवासीच्या जुन्या कदंबांच्या पलाशिकेचं नाव पुढं आलेलं दिसतं.

भाषेचा मुद्दा सगळ्यात जास्त लाइक मिळवणारा, म्हणून सगळ्यात घातक. माधवपूरला ब्राह्मी अक्षरांतला एक स्तंभलेख मिळालाय, वैदिक यज्ञ केलेल्या एका ब्राह्मणाचा. भाषा प्राकृत. त्यावरून ‘मराठी’ असा निकाल लावायचा, तर कन्नड मुलखातले बनवासीचे सातवाहनकालीन लेख आणि रायचूरकडचा मस्कीचा अशोकाचा लेखही प्राकृतच आहेत. तिथंही मराठीच का? त्या काळी दख्खनभर दगडावर प्राकृत कोरत. घरात काय बोलत, ते स्तंभ सांगत नाही. ‘ते कन्नडच होते’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. 1204चे लेख मात्र कन्नड आहेत, आणि ते म्हणायला आपली जीभ अडखळू नये. सीमाभागातला आपला दावा आज इथं राहणाऱ्या माणसांच्या बोलण्यावर आहे, दोन हजार वर्षांपूर्वी यज्ञ करणाऱ्या त्या ब्राह्मणावर नाही.

आणि तो फोटो. खाली ‘रट्टांचा तट’ लिहिलंय. आज दिसणारा तट बराचसा आदिलशाहीतल्या बांधकामाचा आहे.