अंतराळ मालिका कशी बुडवावी

अभिनंदन! वाहिनीचे कार्यक्रमप्रमुख झालात. खुर्ची अजून अंगवळणीही पडली नाही, तोवर कुणीतरी टेबलावर जाडजूड बाड आणून आपटलंय : एक अंतराळयान, त्यात सात-आठ माणसं, दर आठवड्याला नवा ग्रह. गोंधळू नका. 'यान-बिन आपला प्रेक्षक बघत नाही' हे तुम्हाला बाड उघडण्याआधीच माहीत आहे, म्हणून तर खुर्ची मिळाली. आता ते फक्त सिद्ध करायचंय. अमेरिकेतल्या तुमच्या व्यवसायबंधूंनी या कामी साठ वर्षं झिजून आयती पायवाट पाडून ठेवली आहे. तिच्यावरून चाला.

सुरुवात नकारापासून करावी. १९६५ साली एनबीसी वाहिनीने 'स्टार ट्रेक'चा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, पाहिला आणि 'फारच बौद्धिक' म्हणून परत केला. वाईट म्हणून नव्हे, बौद्धिक म्हणून! खरं तर मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी हा माणूस व्यवहाराला पक्का. मालिका विकतानाच त्याने ती 'घोडागाड्यांच्या तांड्याची गोष्ट, फक्त ताऱ्यांमधली' अशी खपवली होती. तरी बुद्धी कुठूनतरी डोकावलीच. मग दुसरा पायलट काढला, त्यात हाणामारी होती, तो पसंत पडला. आणि ८ सप्टेंबर १९६६ ला प्रेक्षकांना पहिलं दर्शन घडवायचं तर तयार भागांतून निवडला कोणता? माणसांच्या अंगातलं मीठ शोषून घेणाऱ्या प्राण्याचा. वाहिनीने मिठाला जागावं ते असं.

पुढे एक अडचण येते, ती म्हणजे लोक बघायला लागतात. सगळे नाही, पण जे बघतात ते पत्रं लिहितात. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस एनबीसीकडे इतकी पत्रं आली, की १ मार्च १९६८ ला भाग संपल्यावर मालिका चालू राहणार असल्याचं वाहिनीला जाहीर करावं लागलं. त्यावर आभाराची पत्रं आली, ती वेगळीच.

इथे नवखा माणूस विरघळतो. तुम्ही विरघळू नका. लोकांचं ऐकल्यासारखं करा आणि हळूच वेळ बदला. रॉडनबेरीला सोमवारी संध्याकाळी साडेसातची वेळ कबूल केली होती. हातात पडला शुक्रवार, रात्रीचे दहा. शुक्रवारी रात्री दहाला अमेरिकेतली तरुण पोरं घरात नसतात, आणि मालिका बघत होती ती तीच. रॉडनबेरी वैतागून बाजूला झाला, खर्चाला कात्री लागली, आणि २० सप्टेंबर १९६८ ला तिसऱ्या हंगामाचा नारळ फुटला तो या भागाने : परग्रहावरची एक बाई येते आणि यानावरच्या टोकदार कानांच्या, अतिहुशार मिस्टर स्पॉकचा मेंदू चोरून नेते. जी मालिका आधी फार बौद्धिक वाटली होती, तिचा मेंदू असा भर पडद्यावर काढून झाला. शेवटचा भाग ३ जून १९६९ ला लागला. सात आठवडे होतात न होतात तोच माणूस चंद्रावर उतरला, अन् सगळं जग टीव्हीपुढे बसलं. पण 'लोकांना अंतराळात रस नाही' ही फाईल तोवर कपाटात गेली होती. बंद फाईल उघडू नये, हा कुठल्याही कचेरीतला नियम आहे.

तो मुहूर्त मात्र टिपून ठेवा : २० सप्टेंबर, शुक्रवार. बरोबर ३४ वर्षांनी, २००२ साली, फॉक्स वाहिनीने 'फायरफ्लाय' ही अंतराळ मालिका सुरू केली ती याच तारखेला, याच वारी. फॉक्सवाले जास्त कल्पक. त्यांनी भागांचा क्रमही उलटापालटा केला. कोण कुणाचा, कप्तान एवढा कडू का, ही माणसं एका यानात आली कशी, हे सगळं सांगणारा दोन तासांचा पहिला भाग त्यांनी दाखवला सर्वांत शेवटी, २० डिसेंबरला. म्हणजे आधी लग्न, मग भांडणं, मग काडीमोड, आणि सगळं आटोपल्यावर कांदेपोहे. मध्ये बेसबॉलसाठी सुट्ट्या. चौदा भाग तयार होते, दाखवले अकरा. प्रेक्षकांना काही कळेना. आणि प्रेक्षकांना कळत नाही, हेच तर आपल्याला दाखवायचं होतं!

आता पैसा. १७ सप्टेंबर १९७८ ला एबीसी वाहिनीवर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' दणक्यात सुरू झाली. पहिल्याच रात्री मध्येच थांबवून कॅम्प डेव्हिडचा करार दाखवावा लागला. इजिप्त-इस्रायलच्या तहापायी अंतराळातलं युद्ध खोळंबलं. हा निव्वळ योगायोग, वाहिनीला श्रेय देता येत नाही. पुढचं मात्र कर्तृत्वच. महाग पडते म्हणून एका हंगामात मालिका बंद केली, आणि १९८० साली स्वस्तात परत आणली. या मालिकेतले बिचारे लोक पहिल्या भागापासून पृथ्वी शोधत होते. ती त्यांना लगेच सापडली, कारण पृथ्वीवर चित्रीकरण स्वस्त पडतं. मग उडत्या मोटारसायकली आल्या, आणि दहा भागांत सगळं शांत झालं. एक धोका तेवढा ध्यानात असू द्या : काटकसरीतून कधीकधी कल्पना निपजते. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवणं परवडेना, म्हणून 'स्टार ट्रेक'मध्ये माणसं झगमगत विरून खाली उतरू लागली, आणि लोकांनी तेवढंच डोक्यावर घेतलं. तेव्हा कात्री लावायचीच तर लेखकांना लावा.

१९८७ चा प्रकार हाताखालच्या लोकांच्या कानावर जाऊ देऊ नका. 'स्टार ट्रेक'ची पुढची पिढी, म्हणजे 'द नेक्स्ट जनरेशन' ही नवी मालिका, कुठल्याही मोठ्या नेटवर्कला न विकता थेट गावोगावच्या स्थानिक केंद्रांना विकली गेली. सात वर्षं, १७८ भाग, आणि शेवटी सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेसाठी एमी या टीव्ही-पुरस्काराचं नामांकन. मध्ये कार्यक्रमप्रमुख नसला की असे अपघात होतात.

आपल्याकडेही एकदा झाला होता. जुनी 'स्टार ट्रेक' दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. आमच्या आजीला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण 'तो कानवाला आला का रे?' म्हणून ती निवडायची मेथी घेऊन पुढ्यात बसायची. आपल्याला यात रस नसतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे सगळं करूनही मालिका तरलीच, तर शेवटचा उपाय म्हणजे लाज वाटून घेणे. गॅलॅक्टिकाचा नवा अवतार इतका गाजला, की मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात त्यावर चर्चा झडली. मानवी हक्क, युद्ध, दहशतवाद, सगळं झालं. त्याच महिन्यात ती मालिका दाखवणाऱ्या 'साय-फाय' वाहिनीने जाहीर केलं, की आपण नावाचं स्पेलिंग बदलतोय. उच्चार तोच, अक्षरं मात्र अशी की विज्ञानकथेचा वास येऊ नये. (देवनागरीत दोन्ही नावं सारखीच दिसतात, त्यामुळे हा इलाज मराठी वाहिन्यांना लागू पडत नाही.) पुढे याच वाहिनीने 'द एक्स्पान्स' आणली आणि २०१८ मध्ये तीन हंगामांवर सोडून दिली. करार असा होता, की अमेरिकेत टीव्हीवर पहिल्यांदा लागेल तेवढंच वाहिनीचं. आणि ही मालिका बघणारी मंडळी अशी, की टीव्हीच्या वेळेला टीव्ही लावत नाहीत. दुकान सकाळी उघडायचं, गिऱ्हाईक रात्री येतं, आणि 'माल खपत नाही' म्हणून कुलूप. चाहत्यांनी वर्गणी काढून ॲमेझॉनच्या कचेरीवरून फलक लावलेलं विमान फिरवलं. ॲमेझॉनचा संस्थापक जेफ बेझोस स्वतःच त्यातला निघाला, म्हणून आणखी तीन हंगाम मिळाले. मूळ कादंबऱ्या नऊ; मालिका थांबली सहाव्यावर.

चाहत्यांची फार धास्ती घेऊ नका. ते आतून आपलेच असतात. नव्या माणसाला ते सांगतात, 'पहिला हंगाम कसाबसा काढ, दुसऱ्यात कळायला लागेल.' कुठल्याही सुनेच्या मालिकेबद्दल असं कुणी सांगितलंय? तिथे तीनशेव्या भागाला बसलं तरी दहा मिनिटांत कळतं, दागिने कुणी लपवलेत.

एखादा आगाऊ सहकारी मीटिंगमध्ये विचारेल, २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं, त्या संध्याकाळचं काय? इस्रोच्या यूट्यूबवर एका वेळी ८० लाखांहून जास्त लोक होते, आणि बघत काय होते, तर आलेखावरून खाली सरकणारी रेघ. नट नाही, नटी नाही, पार्श्वसंगीत नाही. त्याला सांगा, ते खरं होतं. मग तो विचारेल, चंद्राकडे निघालेलं अपोलो-१३ सुद्धा खरं होतं, मग स्फोटाआधी त्या यानातून झालेलं टीव्ही-प्रसारण एकाही नेटवर्कने थेट का दाखवलं नाही? अशा माणसाची बदली क्रीडा विभागात करावी.

आणि फारच पत्रं आली, तर द्या काहीतरी. १९७६ साली नासाच्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतल्या यानाचं नाव द्यावं म्हणून चाहत्यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडे पत्रांचा पाऊस पाडला. आधी ठरलेलं नाव बदललं, 'एंटरप्राइज' ठेवलं. १७ सप्टेंबरला कॅलिफोर्नियात ते हँगरबाहेर आलं, तेव्हा मालिकेतले कलाकार सूटबूट घालून हजर होते. सगळे खूश. ते शटल हवेतून तरंगत खाली उतरण्याच्या चाचण्यांपुरतं बांधलेलं. त्याला खरं इंजिन नव्हतं. अंतराळात ते कधीच गेलं नाही. सध्या न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात उभं आहे. तेव्हा नाव मागितलं तर नाव द्या, फोटो काढा, पेढे वाटा. इंजिन आहे का, म्हणून कुणी वाकून बघत नाही.